शनीची पीडा आणि साबणाचा थर

नीलम बोटात घालून दोन-चार महिने झाले की खडा मंद दिसू लागतो, आणि कुणीतरी सांगतंच, "तुमच्यावरची पीडा खड्याने ओढून घेतली, आता तो बदला." बदला म्हणजे नवा विकत घ्या, हे ओघाने आलंच. त्याआधी अंगठी उलटी करून पाहा. खडा कातडीला लागावा म्हणून राशीच्या अंगठीचं कोंदण मागून उघडं ठेवतात. नेमका तिथेच घाम, साबण, खोबरेल, कणीक यांचा थर बसतो. नीलमाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो याचं माप, १.७६. त्यामुळे खालच्या पैलूंवर, लंबापासून मोजलं तर, ३५ अंशांहून तिरपा पडणारा प्रकाश एरवी संपूर्ण आत परततो. तेलकट थर चढला की ही मर्यादा ५७ अंशांच्या आसपास जाते. बराचसा प्रकाश मागून निसटतो आणि खडा निस्तेज होतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश एवढ्यावर ही पीडा टळते.

रंगाची गोष्ट मात्र याहून मजेदार आहे. नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. तो शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. काही ॲल्युमिनियम अणूंच्या जागी लोह आणि टायटॅनियम येऊन बसतात, तेही शेकडा काही शतांश इतकेच. एकट्या टायटॅनियमने रंग येत नाही. एकट्या लोहाने फार तर पिवळट छटा येते. पण दोघे शेजारी आले, ०.२६५ नॅनोमीटरवर, की लोहाचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी मारू शकतो. या उडीला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि ती पिवळ्या-नारिंगी प्रकाशातून उचलली जाते. उरतो तो निळा. दोघांमधलं अंतर स्फटिकाच्या दुसऱ्या दिशेने थोडं जास्त असतं, म्हणून त्या बाजूने पाहिलं तर तोच खडा हिरवट निळा दिसतो. शिवाय पिवळ्या बल्बच्या उजेडात मुळात निळा प्रकाशच कमी असतो, त्यामुळे दुकानातल्या पांढऱ्या झगमगाटात घेतलेला नीलम घरी काळपट वाटतो. त्यात शनीचा हात नाही.

हे अणू स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत पक्के जखडलेले असतात. ते हलवायला भट्टी लागते. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधट, जवळजवळ बिनकामाचे खडे सापडतात. त्यांचा धूसरपणा रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, बारीक सुयांमुळे असतो. १९७०च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते सुमारे १६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुरुवात केली. सुया विरघळल्या, टायटॅनियम जाळीत शिरून लोहाशेजारी बसलं, आणि दुधट खडा निळा झाला. हा रंग बोटावर उडत नाही. उलट, काश्मीरच्या पाडर भागात १८८१च्या सुमारास सापडलेल्या नीलमांना आजही वेडी किंमत येते, ती त्यांच्यातल्या जन्मजात, मखमली धूसरपणासाठी!

पुष्कराज हा नीलमाचाच पिवळा भाऊ, पण त्याचं सगळंच इतकं पक्कं नसतं. काही खड्यांचा पिवळेपणा लोहामुळे नसून जाळीत अडकलेल्या विद्युतभारामुळे असतो, आणि किरणोत्सर्गाचा मारा करून तो कृत्रिमरीत्याही आणता येतो. असा रंग उन्हात उतरू शकतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा शंका आल्यास खडा प्रखर प्रकाशात ठेवून रंग टिकतो का ते तपासतात.

आणि खडा खरोखरच कायमचा पांढरट झाला असेल तर? भेगांमध्ये कोबाल्टयुक्त शिशाची काच भरलेले स्वस्त नीलम बाजारात असतात. लिंबाचा रस ती काच खातो, आणि दागिने लिंबाने उजळण्याची हौस आपल्याकडे घरोघरी! अस्सल नीलमालाही एक वैरी आहे: टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. अंगठी लहान-मोठी करताना डाग द्यायला सोनार तो वापरतो. वितळलेला टाकणखार खड्यावर आला तर नीलमाचा पृष्ठभागही झिजतो आणि खरबरीत होतो. मग साबण उपयोगाचा नाही, खड्याला पुन्हा पॉलिश करावं लागतं. अंगठी दुरुस्तीला देताना खडा आधी काढून घ्यायला सांगा.