कर्नलमधील कंपायलर-दोषांवरचे वर्कअराउंड

सी भाषेतला कोड बरोबर असूनही कंपायलरने (कोडपासून मशीन-सूचना बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्यापासून चुकीच्या सूचना बनवल्या, तर त्या टाळण्यासाठी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमध्ये किंवा मेकफाइलमध्ये (तो कोड कसा बिल्ड करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) केलेली तजवीज. साध्या प्रोग्रॅममध्ये असा दोष निघाला तर बहुधा तो एकच प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नलच्या खाली सावरायला कोणी नसते, आणि इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे वळवणारा इशारा, कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो.

2014 मध्ये जीसीसी या कंपायलरच्या 4.9.0 आवृत्तीने लिनक्सच्या शेड्युलरमधल्या (कोणते काम कधी चालवायचे हे ठरवणाऱ्या भागातल्या) ‘लोड बॅलन्स’ फंक्शनमध्ये स्टॅक-पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेची, म्हणजे स्टॅकची, हद्द दाखवणारा पत्ता) खाली सरकवण्याआधीच त्याच्या खालच्या जागेत एक मूल्य लिहून ठेवले. एक्स86-64 प्रोसेसरवर साध्या प्रोग्रॅमला पॉइंटरखालचे 128 बाइट, म्हणजे ‘रेड झोन’, वापरायची मुभा असते. कर्नल मात्र कंपायलरला फ्लॅग (सूचक पर्याय) देऊन ही मुभा बंद करतो, कारण इंटरप्ट आला की त्याच जागेवर लिहिले जाते. बीड-परभणीकडच्या शेतकऱ्याला हे चटकन उमगेल: सोयाबीनची गंजी बांधापलीकडे रचली, तर शेजाऱ्याचा नांगर तिच्यावरून जाणारच. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी डीबग-माहितीसाठीची, चलांचा माग ठेवणारी एक सोय मेकफाइलमध्येच बंद करून हा दोष टाळला.

मात्र संशय आधी स्वतःच्या कोडवर घ्यावा. 2009 मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये (आभासी नेटवर्क-जोडणीच्या कोडमध्ये) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, आधी वापरला होता आणि तो नल (रिकामा) आहे का, हे नंतर तपासले होते. कंपायलरने ती तपासणी गाळली, आणि सी भाषेच्या नियमांत ते बसत होते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्यांनी स्वतःच्या कोडमधली चूक आणि कंपायलरचा दोष यांतला हा फरक पक्का करावा. ‘ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची कंपायलरची प्रक्रिया) बंद केलं की चालतं’ एवढ्यावरून कंपायलर दोषी ठरत नाही. शिवाय लिनक्स कर्नल ‘ओ-शून्य’, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असलेल्या, पातळीवर बिल्डच होत नाही. ऑब्जडंप या साधनाने त्या फंक्शनची असेंब्ली (मशीन-सूचनांचे वाचता येणारे रूप) काढून ओळ न् ओळ वाचणे, तोच दोष दाखवणारा छोटा नमुना बनवणे आणि कंपायलरच्या दुसऱ्या आवृत्तीवर तो ताडून पाहणे, एवढे कष्ट घ्यावेच लागतात.

तजवीज जितकी छोटी, तितकी चांगली. 2013 मध्ये ‘असेंब्ली गोटू’ (असेंब्लीतून सी कोडमधल्या दुसऱ्या ठिकाणी उडी मारणारी) ही रचना जीसीसी चुकीची उतरवतो असे दिसल्यावर तिच्यापाठोपाठ एक रिकामी असेंब्ली-ओळ घालणारा मॅक्रो (एका नावाने वापरायचा कोडचा तुकडा) आला. शेजारच्या टिपणीत जीसीसीचा दोष-क्रमांक 58670 होता. कर्नलने त्या जुन्या आवृत्त्यांचा आधार सोडला तेव्हा ही ओळ निर्धास्तपणे काढता आली, ती या क्रमांकामुळेच. फेब्रुवारी 2024 मध्ये तशाच वळणाचा नवा दोष निघाला आणि तीच रिकामी ओळ पुन्हा घालावी लागली.

काही दोषांपुढे तजवीज पुरत नाही. आर्म64 प्रोसेसरवर जुना जीसीसी स्टॅकची जागा आधी सोडून मग तिथले मूल्य वाचत असे. मध्येच इंटरप्ट आला की एक्स्ट4 या लिनक्सच्या फाइलप्रणालीत चेकसमच्या (माहिती शाबूत आहे का हे तपासणाऱ्या आकड्याच्या) चुका दिसत. 2021 मध्ये लिनक्सने आर्म64 साठी 5.1 पूर्वीचा जीसीसी सरळ नाकारला.