बूस्ट दाब व हायब्रिड टर्बो

बूस्ट दाब : टर्बोचार्जरमध्ये (थोडक्यात टर्बो) इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर टर्बाइन फिरते आणि त्याच्या जोरावर हवा दाबणारे चक्र, म्हणजे काँप्रेसर, चालते. या काँप्रेसरमुळे इंजिनात जाणाऱ्या हवेला वातावरणाच्या दाबाहून जो जादा दाब मिळतो, तो. गॅरेजमध्ये हा जादा दाबच बारमध्ये सांगतात. मोटारीचा ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) मात्र बहुधा निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरण अधिक बूस्ट, धरून चालतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सरासरी १.०१३ बार असतो, म्हणून तेथे १.३ बार बूस्ट म्हणजे सुमारे २.३ बार निरपेक्ष दाब. कोकणात किनारा आणि घाटमाथा जवळजवळ असल्याने हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

टर्बोचार्जरचा जनक कोण, याविषयी मतभेद आहेत. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांचे १९०५ चे पेटंट सामान्यतः आरंभ मानले जाते. मात्र त्या आराखड्यात काँप्रेसर, इंजिन व टर्बाइन एकाच दंडावर (शाफ्टवर) जोडलेले होते. त्यामुळे आजच्या अर्थाने तो टर्बोचार्जर नव्हे, असे काहींचे म्हणणे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनांवर एक्झॉस्टच्या टर्बाइनचा प्रयोग केला. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन सुमारे ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन टर्बोसह चालवले. उंचीवर घटणारी शक्ती भरून काढणे हाच टर्बोचा मूळ हेतू मानला, तर श्रेय या दोघांकडे झुकते. डिझेलच्या बाबतीत मात्र ब्यूखींची परंपरा अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या १९२५ च्या सुमाराच्या सुधारित पद्धतीने शक्ती ४० टक्क्यांवर वाढली, आणि त्याच दशकात ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली. टर्बो-डिझेल प्रवासी मोटार बाजारात यायला १९७८ उजाडले (मर्सिडीज ३०० एसडी).

डिझेल इंजिनात शक्ती येते ती जाळलेल्या इंधनातून. बूस्ट ते इंधन पूर्ण जळण्यापुरती हवा पुरवतो. रिमॅप करताना, म्हणजे ईसीयूमधील इंधन व बूस्टचे ठरलेले आकडे (मॅप) बदलताना, डिझेल वाढवून हवा तेवढीच ठेवली, तर काळा धूर येतो व एक्झॉस्टचे तापमान चढते. महाराष्ट्रात परिचित असलेल्या फियाटच्या १,२४८ घ.सेंमी. इंजिनाच्या ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात साधा टर्बो, तर ९० अश्वशक्तीच्या प्रकारात बदलत्या पात्यांचा (व्हीजीटी) टर्बो आहे. मूळ टर्बो अपुरा पडू लागला की ट्यूनर हायब्रिड टर्बोकडे वळतात. यात बाहेरचे कवच मूळचेच राहते, त्यामुळे पाइप व बोल्ट जसेच्या तसे बसतात. कवच आतून कातून मोठे काँप्रेसर चक्र बसवतात, थ्रस्ट बेअरिंग (दंडाचा लांबीच्या दिशेचा रेटा पेलणारे) अधिक भक्कम घालतात आणि फिरणारा गाभा पुन्हा समतोल करून घेतात. नाव ‘हायब्रिड’ असले, तरी विजेच्या मोटारीशी याचा संबंध नाही. छोट्या टर्बोचा दंड मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरत असल्याने समतोलातली सूक्ष्म चूकही बेअरिंग खाते.

काँप्रेसरवरचा भार बूस्टच्या आकड्यावरून कळत नाही. तो दाबाच्या गुणोत्तरावरून, म्हणजे काँप्रेसरनंतरचा निरपेक्ष दाब भागिले बाहेरचा दाब यावरून, ठरतो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर २.३ बार निरपेक्ष दाबाला गुणोत्तर साधारण २.३ असते. सावंतवाडीवरून सुमारे ७०० मी. उंचीच्या आंबोलीला पोचेपर्यंत बाहेरचा दाब ०.९३ बारपर्यंत उतरतो, आणि तोच निरपेक्ष दाब राखायचा तर गुणोत्तर २.५ च्या जवळ जाते. म्हणजे चक्राला अधिक वेगाने फिरावे लागते, तेही पूर्ण भाराच्या चढावर. हवा अधिक तापते व इंटरकूलरवर (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागावर) ताण येतो. कंपनीच्या मॅपमध्ये उंचीनुसार बूस्ट कमी करणारी दुरुस्ती असते. ती रिमॅपमध्ये काढून टाकणे ही गंभीर चूक होय. कुंभार्ली, आंबा किंवा फोंडा घाट नेहमी चढणाऱ्या गाडीचा मॅप किनाऱ्यावरच्या सपाट रस्त्यावर तपासून पुरा झाला, असे मानू नये. अशा ताणाने टर्बोचे सील (तेल अडवणारी कडी) गेले तर इंजिन ऑइल हवेच्या वाटेने आत जाऊन जळू लागते, आणि चावी बंद करूनही डिझेल इंजिन थांबत नाही.

पावसाळ्यातील दमट हवेचा परिणाम त्या मानाने लहान आहे. ३० अंश से. व ९० टक्के आर्द्रतेला हवेतील सुमारे ४ टक्के जागा बाष्प घेते. त्याच प्रमाणात ऑक्सिजन घटतो. व्हीजीटीची पाती काजळीने अडकतात, तर खारी हवा ॲक्च्युएटरच्या (पाती हलवणाऱ्या यंत्रणेच्या) दांड्या व सांधे गंजवते.

मासेमारी ट्रॉलरच्या टर्बो इंजिनांना उंचीचा प्रश्न नसतो. तेथे इंटरकूलर थंड करायला समुद्राचे पाणी वापरता येते.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. अशा गाडीचा धूर पीयूसी चाचणीतही मोजला जातो.