आंबा कॅनिंगचे सांडपाणी: प्रदूषण मंडळाची संमती कशी घ्यावी

कोकणातल्या आमरसाच्या कारखान्याचे सांडपाणी जेमतेम दोन महिने असते. म्हणून ‘मागे खड्डा मारू, जिरून जाईल’ असे ठरवले जाते. जांभ्यात (कोकणातल्या तांबड्या कातळात) ते जिरते हे खरे, पण जांभा सच्छिद्र आहे. पावसाला सुरुवात झाली की तेच पाणी उतारावरच्या विहिरीत जाते. रसातली साखर कुजताना जमिनीतला प्राणवायू संपतो, जांभ्यातले लोह विरघळू लागते आणि शेजाऱ्याच्या विहिरीला तांबूस, वास मारणारे पाणी येते. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दात भूगर्भातले पाणीही धरले आहे. त्यामुळे हा खड्डा म्हणजे सरळ कायद्याचा भंग आहे.

संमती दोनदा घ्यावी लागते. बांधकामाआधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ (उभारणीची संमती) आणि यंत्रे व ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) बसल्यावर, उत्पादन सुरू करण्याआधी, ‘कन्सेंट टू ऑपरेट’ (चालवण्याची संमती). हंगामी आहे, लहान आहे किंवा बचत गटाचे आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. प्रदूषणानुसार उद्योगांचे गट पाडले जातात. 2016 च्या वर्गीकरणात फळ-भाजी प्रक्रिया नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या, गटात होती. 2025 मध्ये वर्गीकरण सुधारले, म्हणून अर्ज करताना चालू यादी पाहूनच गट भरा.

अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर भरायचा. सातबारा किंवा भाडेकरार, उद्यम नोंदणी, ईटीपीची जागा दाखवणारा नकाशा, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, ईटीपीचे डिझाइन आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला आधीच तयार ठेवा. शुल्क गुंतवणुकीवर ठरते. दाखल्यातला आकडा प्रकल्प अहवालाशी जुळला नाही तर त्रुटी निघते. बोअरवेल असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा प्रश्न वेगळा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना दिवसाला 10 घनमीटरपेक्षा कमी उपशासाठी 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सूट आहे.

खरी अडचण पाण्याच्या ताळेबंदात होते. फळे धुणे, पल्परची (रस काढण्याच्या यंत्राची) स्वच्छता, फरशी, कॅन थंड करणे, बॉयलर आणि शौचालय यांचे आकडे स्वतंत्र द्या. थंड करण्याचे पाणी जवळपास स्वच्छ असते. ते फिरवून वापरले तर ईटीपी लहान लागतो, आणि हा फायदा बरेच जण सोडून देतात. शौचालयाचे पाणी सेप्टिक टँकला न्या, पावसाची गटारे पूर्ण वेगळी ठेवा. साल आणि बाठा पाण्यात जाऊच देऊ नका. फळाच्या वजनाचा मोठा हिस्सा त्यात जातो, आणि तो नाल्यात पडला की ईटीपी कितीही चांगला असला तरी हात टेकतो.

रसाचे पाणी आम्लधर्मी, तर यंत्रे कॉस्टिकने धुतली की एकदम उलटे. म्हणून जाळीनंतर किमान 10-12 तासांचे पाणी मावेल अशी समतोल टाकी हवी. त्यानंतर सामू (पीएच) जुळवून मग हवा देण्याची टाकी, जिथे जिवाणू घाण खातात. फळांच्या पाण्यात साखर भरपूर, पण नत्र आणि स्फुरद कमी असतात, आणि जिवाणूंना बीओडी (घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचे माप), नत्र, स्फुरद साधारण 100:5:1 या प्रमाणात लागतात. दिवसाला 20 घनमीटर पाणी आणि बीओडी लिटरला 2000 मिलिग्रॅम असेल तर रोजचा भार 40 किलो. त्याला नत्र 2 किलो आणि स्फुरद 400 ग्रॅम लागेल, म्हणजे सुमारे 2 किलो डीएपी आणि साडेतीन किलो युरिया. हे न घातल्यास गाळ फुगतो, तळाशी बसत नाही आणि नमुना फेल जातो.

बंद हंगामात जिवाणू मरतात. आंबे येण्याच्या तीन-चार आठवडे आधी चालू ईटीपीतला गाळ किंवा शेणकाला घालून टाकी जागी करा. वीज गेली तरी हवा चालू राहील असा जनरेटर धरा. प्रकल्प अहवालात ईटीपीचा खर्च पहिल्यापासूनच दाखवा, कारण कर्ज मंजूर झाल्यावर त्यासाठी पैसे उरत नाहीत.

शुद्ध केलेले पाणी बागेला द्यायचे असल्यास सर्वसाधारण मानकांनुसार बीओडी 100, तरंगते घन पदार्थ 200 आणि तेल-ग्रीस 10 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, सामू 5.5 ते 9. नाल्यात सोडायचे असल्यास बीओडी 30. संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे. एक एकरावर 20 घनमीटर म्हणजे दिवसाला सुमारे 5 मिलिमीटर पाणी. कातळावर मातीचा थर पातळ असेल तर जागा वाढवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि कॅनिंग चालूच असेल, तर भिजलेल्या जमिनीवर पाणी देता येत नाही. त्या दिवसांसाठी साठवण टाकी डिझाइनमध्येच दाखवा. अधिकारी स्थळपाहणीत नेमके हेच विचारतात.

अर्जानंतर चार महिन्यांत निर्णय न झाल्यास कायद्याने संमती मिळाली असे मानले जाते, पण अर्ज अपुरा असेल तर त्यावर विसंबून चालत नाही. पोर्टलवर आलेल्या त्रुटींना लगेच उत्तर द्या. नकार आला किंवा अट मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येते. संमती मिळाल्यावर येणाऱ्या आणि ईटीपीच्या पाण्याला स्वतंत्र मीटर बसवा, रोजचे आकडे वहीत लिहा. फॉर्म 5 मधले पर्यावरण विवरण 30 सप्टेंबरपर्यंत भरायचे असते. कारखाना जूनमध्येच बंद झालेला असल्याने नेमके हेच राहून जाते.