आपत्कालीन प्रमाणपत्र (परदेशात पासपोर्ट हरवल्यास)

आपत्कालीन प्रमाणपत्र : परदेशात असताना पासपोर्ट हरवला, चोरीला गेला किंवा निकामी झाला, आणि नवा मिळेपर्यंत थांबणे शक्य नसले, तर भारतीय नागरिकाला वकिलातीकडून मिळणारा प्रवासाचा कागद. पासपोर्ट अधिनियम, 1967 च्या कलम 4 मध्ये पासपोर्टपासून वेगळा असा त्याचा उल्लेख आहे आणि त्याचे काम एकच सांगितले आहे : धारकाला भारतात प्रवेश करता यावा. तो एका वेळच्या परतीच्या प्रवासापुरता असतो. नोकरी किंवा शिक्षणासाठी त्या देशातच राहायचे असेल, तर हे प्रमाणपत्र मागू नये. पासपोर्ट पुन्हा जारी करण्याचा अर्ज करावा. घाबरलेल्या अवस्थेत अनेकांच्या हे लक्षात येत नाही, आणि परत आल्यावर व्हिसाची सगळी धडपड नव्याने करावी लागते.

मराठवाड्यातून परदेशी जाणाऱ्यांत आखाती देशांत कामाला गेलेले कारागीर, चालक व मजूर, हज व उमराहचे (हजच्या काळाबाहेरही करता येणारी मक्केची यात्रा) यात्रेकरू, जर्मनी-अमेरिकेत शिकणारे विद्यार्थी आणि नांदेडच्या शीख कुटुंबांतून नातलगांकडे जाणारे लोक असे निरनिराळे गट आहेत. छत्रपती संभाजीनगर हे हज यात्रेकरूंच्या प्रस्थानकेंद्रांपैकी एक राहिले आहे. हजच्या काळात मक्केत भारतीय हज मिशनचे कार्यालय चालते, त्यामुळे तिथे पासपोर्ट गहाळ झाला तर दाद मागायला जागा जवळच असते. उमराहला खाजगी टूरबरोबर गेलेल्याला मात्र जिद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा लागतो. मक्का-मदिना त्याच्याच कक्षेत येतात. रियाधच्या राजदूतावासात फोन करत बसण्यात वेळ जातो. संयुक्त अरब अमिरातीतही दुबई-शारजाहच्या लोकांसाठी दुबईचा वाणिज्य दूतावास आहे, अबुधाबीचा राजदूतावास नव्हे.

पहिले काम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवण्याचे. तक्रारीची प्रत, फोटो, हरवलेल्या पासपोर्टची झेरॉक्स आणि भारतीय नागरिकत्वाचा दुसरा एखादा पुरावा घेऊन वकिलातीत किंवा तिने नेमलेल्या सेवा केंद्रात अर्ज करावा लागतो. हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो. नंतर तो बॅगेच्या कप्प्यात सापडला तरी त्यावर प्रवास करू नये, कारण रद्द पासपोर्टचे क्रमांक इंटरपोलच्या 2002 पासून चालणाऱ्या माहितीसाठ्यातही जाऊ शकतात आणि विमानतळावर माणूस अडकतो.

खरी अडचण ओळख पटवण्याची. पासपोर्टची झेरॉक्स किंवा क्रमांक हाताशी असेल, तर वकिलातीला जुनी नोंद संगणकावर पाहता येते. काहीच नसेल, तर नागरिकत्वाची खातरजमा भारतातून करून घेतली जाते आणि चौकशी गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते. अशा वेळी हिंगोली किंवा बीडच्या एखाद्या खेड्यातल्या घरच्यांवर सगळी भिस्त असते. रेशनकार्ड, शाळेची टी.सी., आधार, मतदार ओळखपत्र शोधून द्यायचे, ठाण्यात जबाब द्यायचा, पोलीस पाटलाला आधी कल्पना देऊन ठेवायची. शाळेच्या कागदावर एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, असे आपल्याकडे सर्रास असते आणि इथे ते फार महागात पडते. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाल्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक नाव आणि नव्या कागदांवर दुसरे, हीही भर पडली आहे. अर्जात जन्मस्थान जुन्या पासपोर्टवर होते तसेच लिहावे, आणि नामांतराचा उल्लेख गरजेप्रमाणे वेगळा करावा. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत निघण्यापूर्वीच घरी ठेवलेली असली, तर ही चौकशी बरीचशी टळते. कामाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या आईच्या किंवा बायकोच्या हाती ती प्रत असायलाच हवी.

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे विमानात बसता येतेच असे नाही. पासपोर्टबरोबर व्हिसाही गेलेला असतो, त्यामुळे कित्येक देशांत तिथल्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. व्हिसाची मुदत उलटली असेल तर दंडाचा प्रश्न येतो. आखातात या सगळ्या प्रकरणाला सरसकट ‘आउटपास’ म्हणतात. कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो त्या मालकाने, पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला असेल, तर तो हरवला नसून अडवलेला असतो, आणि अशा वेळी हरवल्याची खोटी तक्रार कामगाराच्याच अंगावर येते. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम 17 नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. सौदी व अमिरातीतही मालकाने तो अडवून ठेवण्यास मनाई आहे. म्हणून वकिलातीच्या कामगार विभागाकडे खरी हकीकत मांडावी. सौदीत मालकाने ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची नोंद, टाकली असेल तर ती गाठ आधी सोडवावी लागते. तिकिटालाही पैसे नसलेल्यांसाठी 2009 मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातींकडे असतो, आणि 2015 पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. ही सोय आहे हेच गावाकडे बहुतेकांना माहीत नसते, आणि मग एजंट त्याचे पैसे उकळतात.

भारतात उतरल्यावर प्रमाणपत्राचे काम संपते. पुन्हा जायचे असेल तर हरवलेल्याच्या बदल्यात नवा पासपोर्ट काढावा लागतो. नेहमीच्या 36 पानी पासपोर्टला 1,500 रुपये लागतात, तर हरवलेल्याच्या बदल्यात 3,000. टपाल कार्यालयांतली पासपोर्ट सेवा केंद्रे 2017 पासून सुरू झाल्याने मराठवाड्यातल्या अर्जदाराला प्रत्येक वेळी मुंबई-नागपूर गाठावे लागत नाही.

उलट प्रसंगही या भागात घडतो. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या परदेशी पर्यटकाचा पासपोर्ट हरवला, तर त्यालाही स्थानिक पोलीस ठाण्यातूनच सुरुवात करावी लागते. त्यानंतर मुंबईतले त्याच्या देशाचे वाणिज्य दूतावास किंवा दिल्लीतली वकिलात त्याला प्रवासाचा कागद देते. देश सोडण्याच्या परवानगीसाठीचा अर्ज 2018 पासून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून करता येतो.