हजाराच्या आतली खोली आणि फ्लॅशपॅकर

पाठीवर सॅक, सॅकेत लॅपटॉप आणि पॉवरबँक, पण खोली हजाराच्या आतच हवी, तीही एसी-वायफायवाली. ताडोबा किंवा पेंचला जाताना नागपुरात एक रात्र काढणाऱ्या या पाहुण्यांना इंग्रजीत 'फ्लॅशपॅकर' म्हणतात. शब्द २००० नंतर रुळला. 'फ्लॅश' म्हणजे इथे कॅमेऱ्याचा नव्हे, थोडा थाट.

त्यांचे पूर्वज म्हणजे १९६०-७०च्या दशकांत काबूलमार्गे गोवा-काठमांडू गाठणारे हिप्पी. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मिटली. नागपूरचा त्या वाटेशी फारसा संबंध नव्हताच. इथला स्वस्त मुक्काम म्हणजे स्टेशनजवळची धर्मशाळा, नाहीतर सेंट्रल अव्हेन्यूवरचा लॉज. दर तीन: साधी, कूलर, एसी. काउंटरमागे चाव्यांचा फळा आणि 'गरम पाणी सकाळी ६ ते ८' ही पाटी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो त्या गावात कूलर रूम मागणाऱ्याला कुणी शौकीन म्हणत नसे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि लॉजची निवड रिक्षावाल्याच्या हातून निसटून मोबाइलवर गेली. आणि करही मोबाइलच्या मागे गेला.

१ जुलै २०१७ पासून हजाराच्या आतल्या खोलीवर जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून ही सवलत काढून १२ टक्के लावले. सरकारचे म्हणणे, सवलतींची यादी छाटायची होती. पण ९०० रुपयांची खोली १००८ वर गेली, म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी हजाराची रेघ ओढली होती तेच रेघेबाहेर पडले. खरी गोम पुढे आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लॉजला जीएसटी नोंदणी लागत नाही. काउंटरवर रोख ९०० देऊन चावी घेणाऱ्याला कर नाही. तीच खोली अ‍ॅपवरून घेतली, तर कर भरायची जबाबदारी अ‍ॅपवर येते आणि बोजा गिऱ्हाइकाच्या बिलावर. एकच गादी, एकच एसी, दर दोन. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्क्यांवर आला, ९०० चे ९४५ झाले. फरक घटला, दुटप्पीपणा तसाच.

मधल्या काळात रेल्वेने २०२१ मध्ये थ्री टियर एसी इकॉनॉमी डबे आणले: ७२ ऐवजी ८३ बर्थ, भाडे थोडे कमी, प्रत्येक बर्थला चार्जिंग. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तर ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता जून २०२५ मध्ये. मेट्रो थेट स्टेशनपाशी पोचते. 'हॉस्टेल' म्हटले की मात्र अजूनही पोरांचे वसतिगृहच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे बंकबेडवाल्या जागेचा पत्ता सांगताना दोनदा समजावावे लागते.

स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये चाव्यांचा फळा अजून आहे, शेजारी क्यूआर कोड चिकटवलाय. दर विचारला की मॅनेजर वहीतून मान वर न करता विचारतो, "अ‍ॅपवरून, का असंच?"