टोपी, गाऊन आणि पुकारलेलं नाव

अमेरिकेत मे महिना उजाडला की बारावीच्या मुलांचं लक्ष वर्गातून उडतं. हायस्कूल पूर्ण झाल्याच्या समारंभासाठी, म्हणजे ग्रॅज्युएशनसाठी, गाऊनची मापं देऊन झालेली असतात. घरटी मोजकीच तिकिटं मिळणार म्हणून आजी-आजोबांना बोलवायचं की मावशीला, याचा खल चालू असतो. शाळेच्या जिममध्ये रांगेने चालायची तालीम होते आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाते: डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, डाव्या हातात घ्यायचा, हस्तांदोलन उजव्या हाताने करायचं. एवढी तयारी करून प्रत्येकाच्या वाट्याला व्यासपीठावर येतात ते जेमतेम पाच-सहा सेकंद.

एके काळी हा वाटा बराच मोठा होता.

देशातलं पहिलं सरकारी हायस्कूल बॉस्टनमध्ये १८२१ साली निघालं, पण पुढची कित्येक दशकं तिथवर पोचणारी मुलं फारच थोडी होती. १८७०च्या सुमारास हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण त्या वयाच्या मुलांमध्ये जेमतेम दोन टक्के होतं. त्यात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त, कारण मुलं लवकर कामाला लागत. छोट्या गावात वर्षाकाठी पाच-सात जण उत्तीर्ण होत आणि त्यांचा निरोप समारंभ म्हणजे गावाचाच कार्यक्रम असे. सभागृह फुलांनी सजवलेलं, वर्गाने निवडलेलं बोधवाक्य मंचामागे टांगलेलं, आणि प्रत्येक विद्यार्थी उभा राहून स्वतः लिहिलेला निबंध वाचून दाखवी किंवा पाठ केलेलं भाषण करी. आपल्या पैशांतून चाललेली शाळा काय शिकवते, ते गावकरी तिथे प्रत्यक्ष ऐकत.

‘आपल्या पैशांतून’ हे महत्त्वाचं, कारण त्यावरून वादही झाले. मिशिगनमधल्या कलामाझू शहरात काही करदात्यांनी आक्षेप घेतला की हायस्कूलसाठी कर लावायचा अधिकार शाळामंडळाला नाही. १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळामंडळाच्या बाजूने निकाल दिला. पुढे इतर राज्यांतही त्याचा आधार घेतला गेला आणि हायस्कुलं भराभर वाढली. १९१० मध्ये अठरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे नऊ टक्के हायस्कूल पूर्ण करत होती. १९४० पर्यंत हे प्रमाण सुमारे पन्नास टक्क्यांवर पोचलं. तीस वर्षांत एवढी झेप! आजच्या समारंभाचं रूप घडलं ते मुख्यतः या तीस वर्षांत, असं मला वाटतं.

वर्गात शंभर मुलं असतील तर शंभर निबंध कोण ऐकणार? भाषणं पहिल्या-दुसऱ्या क्रमांकापुरती उरली, बाहेरचा पाहुणा बोलू लागला. निरोपाचं भाषण करणारा तो ‘व्हॅलेडिक्टोरियन’. ‘निरोप घेणं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलेलं हे नाव हार्वर्डच्या अध्यक्षांच्या १७५९च्या रोजनिशीत सापडतं. समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणजे प्रारंभ म्हणायची रीतही विद्यापीठांचीच. मध्ययुगीन युरोपात पदवी मिळाली की माणूस शिकवायला सुरुवात करत असे, म्हणून तो प्रारंभ.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट गाऊनची आहे.

त्या काळी मुली समारंभासाठी खास पांढरा पोशाख शिवून घेत. रेशीम, लेस, हातमोजे, फुलांचा गुच्छ. ऐपतीच्या घरांत त्यावर भरपूर खर्च होई आणि मंचावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलीच्या सुती पोशाखावरून तिच्या बापाची मिळकत अख्ख्या गावाला दिसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांनी हे मनावर घेतलं. कुठे पोशाखाच्या खर्चाला मर्यादा घातली, कुठे मुलींनी शिवणाच्या तासाला स्वस्त कापडाचा पोशाख स्वतः शिवावा असा नियम केला. मग अनेक शाळांना विद्यापीठांचा गाऊन सोयीचा वाटला. भाड्याने मिळणारा, सगळ्यांना सारखा, आत काय घातलंय ते झाकणारा.

तो गाऊन तोवर तयारच होता. मध्ययुगातले विद्यार्थी बहुतेक धर्मसेवक, आणि इमारती थंडगार. त्यांचे लांब झगे हेच त्याचं मूळ. अमेरिकेत त्याला शिस्त लावण्यात ऑल्बनीच्या गार्डनर कॉट्रेल लेनर्ड यांचा मोठा हात होता. विल्यम्स कॉलेजमधल्या आपल्या वर्गासाठी त्यांनी १८८७ साली गाऊन तयार केले आणि १८९५ मध्ये विद्यापीठांनी कापड, रंग, बाह्यांचा आकार ठरवणारी संहिता स्वीकारली. धर्मपीठातून निघालेला हा पोशाख शेवटी एखाद्या मजुराच्या मुलीची लाज राखायला कामी आला, हे मला फार सुंदर वाटतं. म्हणूनच आज त्यावर विकत घेतलेले पट्टे, दोऱ्या आणि पदकं चढताना पाहिलं की मूळ हेतू निसटतोय का, अशी काळजी वाटते.

मुलं रांगेने सभागृहात येताना वाजणारी ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ ही धून इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांची, १९०१ची. इंग्लंडमध्ये तिच्यावर शब्द चढले आणि ती देशभक्तीपर गीत झाली. अमेरिकेत मात्र १९०५ साली येल विद्यापीठाने एल्गारना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली, तीही सगळे बाहेर पडताना. मग एकेक विद्यापीठाने ती उचलली आणि हायस्कुलांनी त्यांच्याकडून. टोप्या उडवणं मेरीलँडमधल्या नौदल अकादमीतून आलं. १९१२च्या तुकडीला पदवीबरोबरच अधिकारपद मिळालं, जुन्या टोप्यांची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी त्या हवेत भिरकावल्या.

काही गोष्टी कायद्याने किंवा दुःखाने बदलल्या. सरकारी शाळेच्या समारंभात धर्मगुरूकडून प्रार्थना म्हणवून घेणं घटनेला धरून नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. मेन राज्यात समारंभाच्या रात्री दारू पिऊन होणाऱ्या अपघातांत मुलं दगावली, तेव्हा १९८०च्या सुमारास पालकांनी आणि शाळांनी रात्रभर चालणारी, नशामुक्त मेजवानी सुरू केली. आता ती देशभर होते. आणि मूळनिवासी समाजातल्या मुलांना टोपीवर गरुडाचं पीस लावण्यावरून अडवलं जाई, त्यासाठी माँटानाने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदे केले. झग्याने श्रीमंती झाकावी, माणसाची ओळख नव्हे, हा फरक तिथे नीट कळतो.

२०२० मध्ये साथीमुळे सभागृहं बंद होती, तरी समारंभ झाले. कुठे मोटारींच्या रांगेत, कुठे शर्यतीच्या मैदानावर. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेची मुलं तर स्कीच्या पाळण्यात बसून डोंगरावर गेली आणि डिप्लोमा घेऊन उतरली. हातात मिळतं ते पुष्कळदा नुसतं कव्हर असतं, खरा कागद नंतर येतो. तरीही कोणालाही तो क्षण चुकवायचा नव्हता.

तालमीच्या दिवशी प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्यावर आपलं नाव, आणि खाली ते कसं उच्चारायचं ते लिहून द्यायचं. व्यासपीठाच्या पायरीशी मूल ते कार्ड वाचणाऱ्या शिक्षकांच्या हातात देतं. आपल्या मराठी घरांतली मुलं इथे जरा जास्त वेळ घेतात. ज्ञानेश्वरी, ऋग्वेद, क्षीरसागर ही अक्षरं इंग्रजीत कशी फोडायची? चांगले शिक्षक आदल्या दिवशी मुलाला बाजूला घेतात, नाव त्याच्याच तोंडून ऐकतात, पेन्सिलीने खुणा करतात आणि पुन्हा म्हणून दाखवतात. मूल मान हलवतं, तेव्हाच पुढचं कार्ड उचललं जातं.