पत्ते वाढवले की थीम डेक भारी होतो?

‘थीमचे जितके जास्त पत्ते, तितका डेक (खेळायला जुळवलेला पत्त्यांचा संच) ताकदवान’ हा सल्ला ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारखे कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर कायम फिरत असतो. मालवण-रत्नागिरीकडे कुणी समुद्राची थीम घेतली, की खेकडे, गलबतं, वादळं सगळंच आत घालावंसं वाटतं. साहजिकच आहे.

पण ‘मॅजिक: द गॅदरिंग’च्या नेहमीच्या प्रकारात डेक किमान 60 पत्त्यांचा असतो आणि बेसिक लँड (लँड म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा देणारे पत्ते; बेसिक म्हणजे त्यातले साधे) सोडून एका पत्त्याच्या जास्तीत जास्त 4 प्रती चालतात. डेक फुगतो, प्रती मात्र 4 च राहतात. चारही प्रती सुरुवातीच्या हातातले 7 पत्ते सोडून उरलेल्या 53 मध्येच असण्याची शक्यता काढायला कॅल्क्युलेटरवर (53×52×51×50)÷(60×59×58×57) करा: 0.60. म्हणजे पहिल्या 7 पत्त्यांत तो पत्ता न येण्याची शक्यता 60 टक्के, येण्याची 40. डेक 80 चा केला तर (73×72×71×70)÷(80×79×78×77), म्हणजे 0.69, येण्याची शक्यता 31 वर उतरते. हाताने पिसून बघायचं असेल तर दहा-वीस डावांवर भरवसा ठेवू नका, आकडे फार हलतात.

दुसरा फटका लँडचा. 60 मध्ये 24 लँड म्हणजे 40 टक्के. 80 मध्ये तेवढेच ठेवले तर 30. मग अनेकदा हातात भरपूर पत्ते, पण लँड कमी पडल्यानं ते खेळता येत नाहीत.

थीम खुलवायची तर समुद्राची चित्रं असलेले बेटांचे लँड, टोकन (खेळताना प्राणी वगैरे दाखवायला वापरायचे डेकबाहेरचे पत्ते) आणि स्लीव्ह (पत्त्यांवर चढवायची संरक्षक पाकिटं) निवडा. त्यानं डेक एका पत्त्यानंही वाढत नाही.